अण्णांनी दिलेलं पाणी

एप्रिल लागला की आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक कागद चिकटतो. धरणातला साठा कमी आहे, गुरुवारी पाणी बंद, सभासदांनी पाणी जपून वापरावे. खाली सेक्रेटरींची सही. हे गृहस्थ बुधवारी संध्याकाळी पाइप लावून आपल्या दोन्ही गाड्या धुऊन घेतात, कारण गुरुवारी पाणी नसतं. मी एकदा हटकलं तर म्हणाले, "अहो मॅडम, मग धुळीच्या गाडीतून ऑफिसला जायचं का आम्ही?" यावर पुण्यात उत्तर नसतं. असलं तरी कुणी थांबून ऐकत नाही.

तो कागद मी दरवर्षी उभी राहून शेवटपर्यंत वाचते. खडकवासल्याचं नाव आलं की डोकं तापतं. लोकांना वडिलांच्या आठवणीनं भरून वगैरे येतं. मला राग येतो, आणि तो एप्रिल-मेमध्ये जास्त येतो. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. वडील माझे होते, राग माझा आहे.

अण्णा या हिवाळ्यात गेले. नव्वदीला टेकले होते. लोणी काळभोरच्या अलीकडे, कालव्याच्या खालच्या अंगाला आमची वाडी. तिथंच जन्मले, तिथंच गेले. मधल्या काळात वाडी शहराच्या हद्दीत आली, मग तिचं उपनगर झालं, मग जाहिरातीत 'आयटी पार्कपासून फक्त दहा मिनिटं' झालं. अण्णा गावठाणातल्या दोन खोल्यांतून हलले नाहीत. ती दहा मिनिटं त्यांना कधी लागली नाहीत.

दहाव्याला नदीकाठी गर्दी होती. आमच्याकडे दहावा म्हणजे भाषणं. एका पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं अण्णांना 'जलदूत' म्हटलं. दुसऱ्यानं 'आधारवड'. तिसऱ्यानं नावच चुकवलं, मागून कुणीतरी कानात सांगितलं, त्यानं सुधारून घेतलं आणि घड्याळ बघितलं, कारण त्याला त्या सकाळी आणखी दोन दहावे होते. कावळा लगेच शिवला. त्याचंही कौतुक झालं. "बघा, काही इच्छा राहिली नव्हती माणसाची." ज्यानं उभ्या जन्मात स्वतःसाठी इच्छाच केली नाही त्याची काय राहणार? राहिल्या त्या घरातल्यांच्या. त्यांच्यासाठी कावळा येत नाही.

गावाचं भलं करणाऱ्या माणसाच्या घरात जन्म घेऊन बघावा एकदा. शाळेची खोली बांधायला दगड लागले, आमच्या विहिरीच्या काठचे गेले. कुणाची बाळंतीण अडली, आमची बैलगाडी गेली, आणि पेरणी दोन दिवस थांबली. कुणाच्या पोरीचं लग्न, आमच्या घरातली भांडी गेली, परत आली ती दुसऱ्याच कुणाची नावं कोरलेली. अण्णांना कुणी हाक मारली आणि ते जेवणावरून उठले नाहीत, असं मी बघितलेलं नाही. आई ताट झाकून ठेवायची. आमच्या घरात झाकलेलं ताट हे एक कायमचं भांडं होतं.

पण या सगळ्याचं मला काही नाही. दगड गेले, गेले. मला राग आहे तो एका उन्हाळ्याचा.

त्यासाठी आधी चारी सांगायला हवी. खडकवासल्याच्या कालव्याला महिना-दीड महिन्यानं पाणी सुटायचं. कालव्याच्या दारातून ते आमच्या चारीत यायचं. चारी म्हणजे शेताशेतांच्या बांधावरून जाणारा लहान पाट. तिच्यावर वीसेक शेतं. प्रत्येकाचे तास ठरलेले, त्याला पाणीपाळी म्हणायचं. पूर्वी रिवाज असा होता की कालव्याजवळच्यानं आधी भिजवायचं, मग त्याच्या खालच्यानं. वरचे निवांत भिजवत बसायचे आणि चारीच्या शेपटाला नुसती ओल पोचायची. शेपटाला तीन शेतं बौद्ध वस्तीतल्या घरांची होती आणि एक आमचं. त्या घरांना पाणी पोचू नये अशी वरच्यांची काही इच्छा नव्हती म्हणे. ते नुसतं पोचत नव्हतं.

अण्णा तिशीत होते तेव्हा त्यांनी हे उलटं केलं. पाणी आधी सरळ शेपटाला न्यायचं आणि मग एकेक शेत वर सरकत यायचं. वरच्याला काळजी नाही, त्याच्या बांधावरूनच पाणी जातंय, ते त्याला मिळणारच. दोन वर्षं भांडणं झाली. अण्णा चारीवर घड्याळ घेऊन बसले. चावीचं, गजराचं, कापडी पिशवीत घातलेलं घड्याळ आणि हातात खोरं. वस्तीतल्या शेतांत पहिल्यांदा गव्हाला चार पाणी मिळाली ती त्या साली. त्यांच्या पोरांनी ते लक्षात ठेवलं. दहाव्याला भाषण न करता मागं उभी होती ती तीच माणसं.

इथपर्यंत माझी छाती फुगते. पुढं मला अण्णा कळत नाहीत.

चारीच्या अगदी तोंडाशी, कालव्याला लागून, बबनतात्यांचं रान होतं. उलट्या पाळीत त्यांचा नंबर शेवटी गेला. ते एकदा चारचौघांत म्हणाले, "अण्णा, नियम झ्याक हाय तुझा. रान तुझं शेवटाला, म्हंजी पाळीत तूच पयला. डोकं चालीवलंस बरं का."

माणसं हसली. बबनतात्यांचा स्वभावच तसा, टोचून बोलायचं आणि तंबाखू मळायची. दुसरा कुणी असता तर त्यानंही हसून सोडून दिलं असतं. अण्णांनी तिथल्या तिथं सांगितलं, "माझं सगळ्यांच्या मागनं."

याचा अर्थ काय झाला ते बघा. पाणी आमच्या बांधापर्यंत यायचं. शेजारी वस्तीतली शेतं भिजायची. मग ते एकेक शेत करत वर वर जायचं, पार बबनतात्यांपर्यंत. त्यांचं झालं की पाणी पुन्हा सगळी चारी उतरून आमच्याकडे यायला निघायचं. मधली चारी तोवर उन्हानं तडकलेली. निम्मं पाणी वाटेत मुरायचं, उंदरांच्या बिळांत जायचं. जे यायचं ते दमून आल्यासारखं यायचं. हे एक-दोन वर्षं नाही, तीस वर्षं चाललं. कुणी म्हणालं नाही, अण्णा, पुरे आता. सगळ्यांनी कौतुक केलं आणि आपापलं भिजवून घेतलं.

आई म्हणायची, "आपल्या बांधावरनं चाललेलं पाणी वर पाठवायचं आन् मग आवतण दिऊन खाली बोलवायचं. कुणी असं करतं का?"

अण्णा म्हणायचे, "बोलाया जागा ठिवायची न्हाई."

"कुणाला जागा ठिवायची न्हाई? मी बोलतीच हाय की."

त्यावर अण्णा खोरं उचलून बाहेर जायचे. घरातलं बोलणं त्यांना बोलणं वाटत नसे.

दुसरा त्यांचा नेम असा, की कुणाला आपली पाळी दिली तर दिलेल्या पाण्याच्या मागं जायचं नाही. अडल्यानडल्याला पाळी देणं चारीवर चालायचं. कुणाचं रोप वाळतंय, कुणाच्या गुरांना चारा नाही. पण दिल्यावर ते पाणी त्यानं कुठं नेलं, कशाला घातलं, हे बघायला जायचं नाही, विचारायचंही नाही. अण्णांनी हा नेम सगळ्या चारीला लावला होता आणि लोक पाळायचे. मला लहानपणी ते फार थोर वाटायचं. आता मी एका मोठ्या कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. बघायला जायचं नाही हा नेम किती सोयीचा असतो आणि कुणाच्या, ते मला नोकरीनं शिकवलं.

तर तो उन्हाळा. नव्वदीचं दशक संपत आलेलं. माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. वाडीतली मी पहिली पदवीधर होणार होते, पोरांतही आणि पोरींतही, हे मी अजून कुणी न विचारता सांगते. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी कॉलेजचं फाटक आतून बघितलेलं नव्हतं.

आईचा मोगरा होता. दहा गुंठे, मुरमाड कोपरा, अण्णांनी 'त्यात काय पिकायचं न्हाई' म्हणून सोडलेला. आईनं माहेरच्या झाडांच्या फांद्या आणून तो उभा केला होता. थंडीत छाटणी करायची, पानं ओरबाडून झाडं नागडी करायची, मग शेणखत आणि पाणी. होळीच्या सुमाराला कळ्या धरायच्या. एप्रिल-मे हा त्याचा जीव. उजाडायच्या आत कळी तोडायची, कारण उमललं की बाजारात कुणी विचारत नाही. आईच्या बोटांना कळी नुसती लागायची आणि तुटायची, झाडाला कळायचंही नाही. ओल्या फडक्यात बांधलेली पाटी मी पहिल्या बसनं फुलबाजारात द्यायची आणि तिथून कॉलेजला जायचं. बसमध्ये कंडक्टर मला पुढं उभं करायचा, म्हणायचा, "ताई, इथं थांबा, तेवढाच गाडीला वास."

वर्गात मात्र तो वास अंगाला चिकटलेला असायचा. वह्यांनाही. पेठेतल्या एका मुलीनं एकदा फार गोड आवाजात विचारलं, "रोज कुणाचं लग्न असतं गं तुमच्याकडे?" दुसरी म्हणाली, "असू दे गं, निदान वासावरून कळतं आली ते." त्या वर्षी भौतिकशास्त्रात वर्गात पहिली आले, तेच माझं उत्तर त्यांनी समजून घेतलं असेल तर घेतलं असेल.

त्या एप्रिलमध्ये पाणी उशिरा सुटलं. विहिरीचा तळ दिसत होता. मोगरा भरात आलेला आणि पानं कडेनं वळायला लागलेली. पाळी सुरू झाली. वस्तीतली शेतं भिजली, मधली भिजली, बबनतात्यांचं झालं. चौथ्या दिवशी सकाळी आमची पाळी. आईनं वाफ्यांची तोंडं आदल्या दिवशीच नीट करून ठेवली होती. साडी खोचून, खोरं घेऊन ती बांधावर बसली. मी शेवग्याच्या सावलीत पुस्तक घेऊन. दोन दिवसांनी पेपर होता.

चारीत पाणी दिसलं. आधी फेस आणि पाला, मग त्याच्या मागं हातभर रुंद पाणी. आई उठली. पाणी आमच्या बांधापासून शंभर पावलांवर आलं आणि थांबलं. थांबलं म्हणजे, मागून यायचं बंद झालं. जे आलं होतं ते जमिनीनं बघता बघता पिऊन टाकलं. आई खोऱ्यावर हात ठेवून उभी राहिली. ऊन वर आलं. आई मग बसली. मी एकच पान चार वेळा वाचलं. दुपार कलली तेव्हा अण्णा चारीच्या कडेनं येताना दिसले, काखेत घड्याळाची पिशवी.

"बबनला दिलं," ते म्हणाले. "कडवळ जळालं म्हनला. गुरं हायत त्याची."

"त्यांचं तर झालं हुतं भिजवून," मी म्हणाले.

"पुरलं न्हाई त्याला."

"आणि आपल्याला?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "तू पेपराचं बघ, बाय."

आई खोरं घेऊन उठली. तिनं वाफ्यांची उघडलेली तोंडं एकेक करून मातीनं बंद केली. पाणी येणारच नव्हतं, बंद करायची गरज नव्हती, पण तिनं सगळी बंद केली. शेवटी म्हणाली, "जनावराच्या तोंडचं काढायचं नसतंय." हे वाक्य ती म्हणाली ते अण्णांना नाही, मलाही नाही. मोगऱ्याला म्हणाली असावी.

त्या उन्हाळ्यातलं ते शेवटचं पाणी ठरलं. शहराला प्यायला राखून ठेवायचं म्हणून पुढचं कालव्याचं पाणी सुटलंच नाही. मोगरा आधी कळीतच पिवळा पडला, मग पानं गेली, मग काड्या राहिल्या. आई घागरीनं पाणी घालून बघत होती. दहा गुंठ्यांना घागर. मे संपताना तिनं ते बंद केलं. काड्या तिनं चुलीला लावल्या नाहीत, अण्णांनी लावल्या. सरपण ते सरपण.

बबनतात्यांनी पावसाळ्याच्या आत जमीन प्लॉट पाडायला देऊन टाकली. चारीच्या तोंडाशीच त्यांचं रान, ते गेलं आणि चारी तिथं बुजली. मग एकेक करत सगळे. शेवटी आमचं रान भिंतींच्या मधोमध राहिलं, जायला वाट नाही, यायला पाणी नाही. ते आम्हीही दिलं. कागदावर माझीही सही आहे. तोवर मला नोकरी लागली होती. सन दोन हजार लागताना जगातले सगळे संगणक बंद पडणार म्हणून जी हजारो माणसं ते दुरुस्त करायला बसवली होती, त्यात मी एक. काचेच्या इमारतीत बसून मी अमेरिकेतल्या कुठल्याशा विमा कंपनीच्या तारखा तपासत होते. शहरातल्या घरी आले की नळ सोडायचे. चोवीस तास पाणी. हे पाणी कुणाच्या पाळीतलं, हे मला माहीत होतं, आणि मी त्यानं केस धुवायचे. माझा राग एकट्या अण्णांवर नाही, हेही लिहून ठेवते.

आता या वर्षीचं.

अण्णा गेल्यावर आईला मी कर्वेनगरला आणलं. मार्चमध्ये संदीपचा फोन आला. बबनतात्यांचा मुलगा, शाळेत माझ्या वर्गातला. तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. संदीप आता बांधकाम व्यवसायात आहे, त्याला सगळे शेठ म्हणतात. जुन्या चारीच्या जागेवर त्याच्या भागीदारीतली मोठी सोसायटी झाली आहे. आमचं रानही तिच्यातच. आईचा मोगरा होता तिथं पोहण्याचा तलाव केलाय आणि बाजूला बाग. त्या बागेला अण्णांचं नाव द्यायचं म्हणाला. संगमरवरी पाटी, वर अण्णांचा फोटो. "फेट्यातला असंल तर बघ. आणि तुझी आणि काकूंची संमती लागंल, लोक उगीच बोलायला नकोत."

मी नाही म्हणणार होते. पण आईनं ऐकलं होतं.

"द्यू दे की," ती म्हणाली. "माणूस गेलं. नाव तरी दिसंल कुठं."

"आई, ते लोक टँकरनं पाणी आणतात. त्या बागेला पाणी घालायलाही टँकर येतो. त्यावर अण्णांचं नाव?"

"तुला शिकल्यापासनं सगळ्यात खोट दिसती," आई म्हणाली. "साठ वर्सं त्यांच्या मागनं जेवले मी. मला नाव दिसायला पायजे."

माझा राग माझा होता, पण ती साठ वर्षं तिची होती. मी संदीपला घरी बोलावलं.

तो आला रविवारी, पेढे घेऊन. आईच्या पाया पडला. सोफ्यावर टेकून त्यानं मोबाइलवर बागेची चित्रं दाखवली. आई चष्मा लावून बघत होती. पाटी कुठं, फोटो कुठं. मग तो मनापासून बोलायला लागला, आणि मला अजून वाटतं की त्याला खरंच चांगलं बोलायचं होतं.

"काकू, अण्णांचे उपकार आहेत आमच्यावर. आमचे तात्या शेवटपर्यंत काढायचे. त्या उन्हाळ्यात अण्णांनी पाळी दिली नसती तर आमची भिंत उभी राहिली नसती."

"कसली भिंत?" मी विचारलं.

"कंपाउंडची गं. पहिली भिंत. पार्टीला जूनच्या आत कंपाउंड पाहिजे होतं, नाहीतर सौदा मोडत होता. आणि पाणी कुठं होतं? तात्यांनी खड्डा काढला, आत प्लास्टिक टाकलं, अण्णांची पाळी त्यात भरून घेतली. आठ-दहा दिवस भिंतीवर पाणी मारलं त्यातनं. मीच मारायचो डबड्यानं." तो हसला. "अण्णा एकदा आले होते तिकडं."

"कुठं आले होते?"

"भिंतीपाशी. तात्या घाबरले, म्हटलं आता हा माणूस बोलणार. अण्णांनी भिंतीवर हात ठेवला, हात ओला झाला तो धोतराला पुसला आणि गेले. एक शब्द नाही. तात्या म्हणायचे, असा माणूस होणे नाही."

मी पंख्याकडे बघत होते. दिलेल्या पाण्याच्या मागं जायचं नाही, हे सगळ्या चारीला शिकवणारा माणूस मागं गेला होता. बघून आला होता. आणि घरी येऊन, मोगरा काडी काडी होत असताना, रोज संध्याकाळी आईच्या हातची भाकरी खात होता.

आईनं चष्मा काढला. "संदीप," ती म्हणाली, "गुरं हुती का रं तुमच्याकडं त्या साली?"

"नाही काकू. ती माघातच विकली होती, गावात सांगितलं पाहुण्यांकडं ठेवलीत म्हणून. जमीनच द्यायची म्हटल्यावर गुरं कशाला?"

"बरं."

"मग काकू, पाटीचं फायनल करू ना?"

"सांगते," आई म्हणाली. "पेढा घे."

तो गेल्यावर मला वाटलं ती रडेल, किंवा अण्णांना चार शिव्या देईल. मी वाट बघत होते, खोटं का बोला. तिनं दोन दिवस अण्णांच्या फोटोसमोरची उदबत्ती लावली नाही, एवढंच. तिसऱ्या दिवशी मी लावायला गेले तर म्हणाली, "राहू दे. नाकाला झोंबती."

मी त्या दिवसांत ऑफिसमध्ये बसून एकच हिशेब मांडत होते, की अण्णांनी का सांगितलं नसेल. बबनतात्यांची अब्रू? चारीवरचा नेम मोडला हे कबूल करावं लागेल म्हणून? का त्यांना माहीत होतं, की आईनं ते दुःख गुरांच्या नावावर गिळलंय आणि ते तिच्या घशातून बाहेर काढायचं नाही? हे तिसरं कारण भाषणात शोभलं असतं. मला ते पटत नाही. मला वाटतं, त्यांना आपण फसलो हे घरात दिसू द्यायचं नव्हतं. गावात मोठ्या असलेल्या माणसाला घरात लहान व्हायला फार जड जातं. माझा अंदाज आहे. विचारायची सोय त्यांनी ठेवली नाही.

पुढच्या रविवारी आई सकाळीच तयार होऊन बसली. "मला भिंत दाखीव," म्हणाली.

हडपसर ओलांडून आम्ही गेलो. ऊन दहालाच तापलेलं. सोसायटीच्या फाटकावर निळ्या गणवेशातला पोरगेला वॉचमन. "किस के यहाँ जाना है? फ्लॅट नंबर?"

"भिंतीकडं," आई म्हणाली.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, इथं आमची जमीन होती. त्यानं मोबाइल पुढं केला, त्यात ज्याच्याकडे जायचं त्याचं नाव टाकल्याशिवाय आत सोडता येत नाही. आमच्याकडं नाव नव्हतं. संदीपला फोन केला असता तर सोडलं असतं, पण आई म्हणाली नको. आम्ही बाहेरून वळसा घातला. मागच्या बाजूला जुनी गाडीवाट अजून आहे, तिच्यावर आता कचरा टाकतात. जनरेटरच्या खोलीमागं ती भिंत उभी होती. बाकीचं कंपाउंड नवं आहे, वर काचा आणि तारा. हा एक तुकडा जुना राहिलाय, कुणी पाडायची तसदी घेतलेली नाही. संदीपनं सांगितलेली जागा तीच.

आईनं वाट तपासून पाय टाकले. भिंतीजवळ गेली. तळहात टेकवला. मग दुसरा. मग तिनं सगळा जोर लावून भिंत ढकलली, एखादं आडमुठं जनावर ढकलावं तशी. ब्याऐंशी वर्षांची बाई. मी धरायला पुढं झाले तर कोपरानं मला बाजूला केलं.

"पक्की हाय," ती म्हणाली. धाप लागली होती. "दहा गुंठं प्यालीय. पक्की न्हाई हुणार तर काय."

तिथंच तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "फोन लाव त्याला."

"घरी जाऊन लावू."

"आत्ता लाव."

मी लावला आणि तिच्या हातात दिला. तिला मोबाइल कानाला नीट धरता येत नाही, ती तोंडासमोर धरते, त्यामुळे सगळं मला ऐकू आलं.

"हां बोल गं," संदीप म्हणाला.

"मी कलावती बोलती."

"कोण?" त्याच्या मागं गाड्यांचे आवाज होते. "कोण कलावती?"

आईनं मोबाइल तोंडाच्या आणखी जवळ धरला. साठ वर्षं ती त्या गावात अण्णांची बायको होती, काकू होती, माझी आई होती. त्याला नाव माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

"तुला न्हाई ठावं," ती म्हणाली. "पाटी लावू नको. फोटो न्हाई, नाव न्हाई. त्यांनी काय दिलं ते त्यांचं. हे माझं हुतं. मी दिलेलं न्हाई."

"काकू? अहो काकू, असं काय करताय, दगड घडवायला टाकलाय—"

"ठेवते," आई म्हणाली. "हितं ऊन लई हाय."